परसातली जुडी आणि घाटावरचा टेम्पो

आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही आमटीवर घालायची कोथिंबीर घाटावरून टेम्पोने येते. २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीने आंबा घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि अवजड वाहतूक बंद ठेवावी लागली. घाट अडला की पहिला फटका भाजीबाजाराला बसतो, हे आपण सारे जाणतो. परसात जागा आहे, विहिरीला पाणी आहे, गोठ्यात शेण आहे. पण ‘एका जुडीसाठी कोण खपणार?’ असे म्हणत आपण पिशवी उचलून बाजारात जातो.

सुरुवात कोथिंबिरीपासून करा. दसऱ्यानंतर पाऊस ओसरला की परसात एक लहानसा गादीवाफा धरा. वाण्याकडचे धने चालतात, पण ते जुने किंवा किडलेले नसावेत. लाटण्याने हलके रगडून त्यांच्या दोन डाळी वेगळ्या करा, रात्रभर भिजवा आणि अर्ध्या पेराएवढे खोल पेरा. उगवायला आठ-बारा दिवस लागतात. तोवर उकरून बघू नका. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत जुडी हाताला येते. मुळासकट न उपटता दोन बोटे ठेवून कापलीत तर पुन्हा थोडी फुटते. सगळे धने एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी मूठभर पेरलेत, तर थंडीभर पुरवठा राहतो. मार्चनंतर ती लवकर फुलावर येते, तेव्हा झावळ्यांची सावली करा. पावसाळ्यात उघड्यावर कोथिंबीर टिकत नाही. पागोळ्या लागणार नाहीत अशा पडवीत, उजेडाच्या बाजूला, कुंडीत ती घ्यावी.

आपली जांभी माती आम्लधर्मी, आणि कातळावर घर असेल तर मातीच नाही. तिथे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या धुऊन घ्या, तळाला भोके पाडा, त्यावर नारळाच्या सोडणांचा थर द्या आणि वर माती नि कुजलेले शेणखत निम्मे निम्मे भरा. कोंबड्या उकरतात ही तक्रार खरी आहे. बंदरावरून फाटके जाळे आणून भोवती लावले की काम भागते.

पुदिन्याला बी शोधू नका. बाजारातल्या जुडीतल्या जाडसर काड्या ओल्या, अर्धसावलीच्या जागी खोचा. तो पसरतो, म्हणून कुंडीतच बरा. कढीलिंबाचे पिकलेले बी पावसाळ्यात ताजे असतानाच पेरावे, वाळवून ठेवले तर उगवत नाही. आले-हळद अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत लावा, मात्र वाफा उंच हवा; पाणी साचले की आले कुजते. गवती चहाचा ठोंब फोडून पावसाच्या तोंडावर बांधावर लावलात तर चहाही होतो नि बांधाची मातीही धरली जाते. दालचिनीचे एक झाड घरामागे असले की मसालेभाताला पान विकत आणावे लागत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात दिली आहे. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राची नारळात मसाला पिके घेण्याची ‘लाखी बाग’ एकदा जाऊन पाहाच.

आता बागायतदारांना एक कळकळीची सूचना. आंब्याच्या मोहोराची फवारणी आणि कोथिंबिरीचा हंगाम एकाच वेळी येतो. फवारणीचे वेळापत्रक आंब्यासाठी आहे, त्यातली औषधे कच्च्या खायच्या पाल्यासाठी नाहीत. तेव्हा कलमाखाली किंवा फवारा उडून येईल अशा ठिकाणी कोथिंबीर-पुदिना मुळीच लावू नका. आंतरप्रवाही औषध पानात मुरते, नुसत्या धुण्याने जात नाही. औषधाचा रिकामा डबा कितीही विसळला तरी त्याची कुंडी करू नये आणि त्याने पाणीही घालू नये. पैसे वाचवायला लावलेली जुडी घरात विष घेऊन आली, तर बाजारची बरी म्हणायची वेळ येईल. मोरीचे साबणाचे पाणी केळीला द्या, कोथिंबिरीला मात्र तांदूळ नि भाजी धुतलेले पाणीच घाला.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शिक्षक यांनाही दोन शब्द. पावसाळ्यात रोपे वाटायची वेळ येते, तेव्हा घरागणिक एक कढीलिंब आणि एक दालचिनी द्यायला काय हरकत आहे? शाळेच्या आवारात चार वाफे धरले तर पोषण आहाराच्या डाळीत ताजी पाने पडतील आणि मुलांना पेरणी कळेल. औषधांच्या रिकाम्या डब्यांचे काय करायचे, हा विषय तर ग्रामसभेत यायलाच हवा.

याने कुणी श्रीमंत होणार नाही, हे आम्हीही जाणतो. पण आठवड्याच्या बाजारातले चार पैसे घरातल्या बाईच्या हाती राहतील आणि पुढच्या पावसात घाट अडला तरी आमटीवर घालायला चार पाने मिळतील. भातकापणीच्या गडबडीतून अर्धा तास काढा आणि मूठभर धने आज रात्री भिजत घाला.