परदेशी मदत आटली, आता माझ्या गोळ्यांचे काय?

“डॉक्टर, अमेरिकेने पैसे बंद केले म्हणे. आमच्या गोळ्या मिळणार ना?” एचआयव्ही किंवा टीबीचे औषध घेणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हल्ली हा प्रश्न विचारतात. थोडक्यात उत्तर असे: भारतात या गोळ्या मुख्यतः आपल्याच सरकारच्या पैशातून येतात, त्यामुळे अमेरिकेच्या निर्णयाने त्या बंद होत नाहीत. पण आपल्याला काहीच झळ बसली नाही, असेही नाही.

नेमके काय झाले?

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशी मदत ९० दिवस थांबवण्याचा आदेश काढला. १९६१ मध्ये सुरू झालेल्या ‘यूएसएड’ या मदत संस्थेचे काम १ जुलै २०२५ पासून थांबले आणि उरलेले कार्यक्रम अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे गेले. हा एकट्या अमेरिकेचा प्रश्न नाही. ब्रिटननेही संरक्षणावरचा खर्च वाढवण्यासाठी आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचे ठरवले आहे. जर्मनी आणि फ्रान्सनेही हात आखडता घेतला आहे.

सर्वांत मोठा फटका आफ्रिकेतील गरीब देशांना बसतो आहे. तिथे अनेक ठिकाणी एचआयव्हीची गोळी, ती देणाऱ्या नर्सचा पगार आणि तपासणीची प्रयोगशाळा हे सगळे २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘पेपफार’ या अमेरिकी योजनेवर चालत होते. गोळी थांबली की दबलेला विषाणू काही आठवड्यांतच पुन्हा वाढू लागतो. म्हणून तिथे निधी अचानक थांबणे हा थेट जिवाचा प्रश्न ठरतो.

भारतात वेगळे का?

आपल्याकडे सरकारी केंद्रांतून एचआयव्हीचे मोफत औषध, म्हणजे एआरटी, १ एप्रिल २००४ पासून मिळू लागले. सुरुवातीच्या वर्षांत ग्लोबल फंडासारख्या परदेशी मदतीचा त्याला मोठा आधार होता. पुढे हा भार हळूहळू सरकारने उचलला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यासाठी (२०२१ ते २०२६) मंजूर झालेले सुमारे १५,४७२ कोटी रुपये केंद्र सरकारचे आहेत. शिवाय या गोळ्या आपल्याच देशात बनतात. २००१ मध्ये सिप्लाने दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी खर्चात हे औषध देऊ केले, तेव्हापासून आफ्रिकेलाही भारतीय कंपन्यांचा मोठा आधार आहे.

मग झळ कुठे बसली?

पुणे, कल्याण आणि हैदराबाद इथे तृतीयपंथी व्यक्तींसाठी ‘मित्र’ नावाची क्लिनिक होती. अमेरिकेचा निधी थांबल्यावर ती बंद झाली. हैदराबादचे क्लिनिक पुढे टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने ‘सबरंग’ या नावाने पुन्हा सुरू झाले.

एचआयव्हीची तपासणी आणि गोळ्या सरकारी रुग्णालयात मोफत मिळतातच, मग वेगळे क्लिनिक कशाला, असे कुणी विचारेल. पण नाव पुकारल्यावर सगळी रांग वळून बघेल या भीतीने जी व्यक्ती रुग्णालयाची पायरीच चढत नाही, तिच्यापर्यंत मोफत गोळी पोहोचत नाही. अशा माणसाला विश्वासात घेऊन तपासणीला आणणारा, गोळी चुकली तर फोन करणारा कुणीतरी लागतो. परदेशी मदतीतून अनेकदा हेच काम होत असे. औषधाचा पुरवठा सांभाळताना ही माणसे आणि या जागा टिकवणेही आता आपल्याच सरकारची आणि समाजाची जबाबदारी आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२२ मध्ये एचआयव्हीच्या औषधांची टंचाई असल्याचे सांगत रुग्णांनी दिल्लीत आंदोलन केले. मार्च २०२४ मध्ये टीबीच्या औषधांचा पुरवठा लांबणार म्हणून केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितले. या दोन्ही वेळी परदेशी मदत चालू होती. म्हणजे सरकारी पैसा असला तरी खरेदी आणि वाटप वेळेवर होते का, हे पाहावेच लागते.

तुम्ही काय करावे?

• घाबरून गोळ्या पुरवून-पुरवून घेऊ नका. दिवसाआड गोळी घेतल्याने एचआयव्ही आणि टीबीचे जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. मग उपचार अवघड होतो.

• गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच केंद्रावर जा. कमी गोळ्या मिळाल्या तर पुढची तारीख विचारूनच निघा. मनाने दुसरे औषध सुरू करू नका.

• कामासाठी दुसऱ्या गावी जाणार असाल तर एआरटी केंद्राला आधी सांगा. तिकडच्या केंद्रावर औषधाची सोय करता येते.

• तुम्ही जात होता ते क्लिनिक किंवा संस्था बंद झाली असेल तर उपचारात खंड पडू देऊ नका. एचआयव्हीसाठी १०९७ आणि टीबीसाठी १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकांवर माहिती मिळते.

• टीबीच्या रुग्णांना उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात. ते खात्यात येत नसतील तर आरोग्य केंद्रात चौकशी करा.

• एचआयव्हीमुळे कुणी भेदभाव केला किंवा संमतीशिवाय तुमची माहिती उघड केली, तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तक्रार करता येते.

घरातल्यांसाठी एक विनंती: रुग्णाला असा संदेश मोबाईलवर आला तर तो पुढे पाठवण्याआधी केंद्रावर फोन करून खात्री करा, आणि आजची गोळी घेतली का, हे प्रेमाने विचारा.