उसन्या सूत्राचे मूत्रपिंड

जयपूरने आपल्या हृदयाची मोजदाद स्वतः केली. डॉ. राजीव गुप्ता आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात ‘जयपूर हार्ट वॉच’ ही पाहणी-मालिका आरंभून रक्तदाब, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा आणि तंबाखू यांचे प्रमाण लोकांमध्ये जाऊन नोंदवले. मूत्रपिंडाच्या बाबतीत मात्र हे शहर, आणि सारा देशच, उसनवारीवर जगतो. रक्ततपासणीच्या अहवालातील ‘ईजीएफआर’चा आकडा बहुधा अमेरिकेत घडलेल्या सूत्राने काढलेला असतो.

त्या सूत्राच्या 2009च्या आवृत्तीत कृष्णवर्णीयांचा आकडा सुमारे 16 टक्क्यांनी वाढवला जाई. 2021मध्ये हा वर्णगुणक वगळला गेला, आणि ते योग्यच झाले. पण भारतात त्याचे स्वागत ‘आता सूत्र सर्वांना लागू’ अशा थाटात व्हावे, याला काय म्हणावे? दोन्ही आवृत्त्या भारतात राहणाऱ्या माणसांवर घडलेल्याच नव्हत्या.

क्रिएटिनिन स्नायूंतून येते, मांसाहारानेही वाढते. किरकोळ बांध्याच्या शाकाहारी व्यक्तीत ते मुळातच कमी असते आणि सूत्र त्याचे श्रेय मूत्रपिंडाला देऊन मोकळे होते. कराचीच्या आगाखान विद्यापीठातील संशोधकांनी इन्युलिनने प्रत्यक्ष मोजणी करून 2014मध्ये सुधारित सूत्र मांडले. चंडीगडच्या पीजीआयमधील मोजणीतही प्रचलित सूत्रे भारतीयांचे आकडे फुगवतात असेच आढळले. साठ वर्षांच्या स्त्रीचे क्रिएटिनिन 1.0 असेल, तर 2021चे सूत्र सुमारे 64 सांगते, कराचीचे सुमारे 54. मध्ये 60ची रेषा आहे. त्याखालचा आकडा तीन महिने टिकला की दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे निदान होते, आणि हृदयविकाराचा धोकाही वाढलेला मानला जातो. असे कितीतरी रुग्ण डायलिसिसपर्यंत पोहोचण्याआधीच हृदयाने दगावतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनचे 2023चे ‘प्रिव्हेंट’ हे धोकामापन तर ईजीएफआर थेट हिशेबात घेते. म्हणजे मूत्रपिंडाची चूक हृदयाच्या खात्यावरही चढते.

यावर ‘भारतीय गुणक’ लावा, असे सुचवणारे जुनीच चूक नव्या नावाने करू पाहतात. पंजाबचा पहिलवान आणि डुंगरपूरचा खडी फोडणारा मजूर यांना एकच गुणक कसा चालावा? सिस्टॅटिन-सी स्नायूंवर आणि आहारावर फारसे अवलंबून नसते. ते महाग पडते, हा आक्षेप खरा. पण ते सरसकट नव्हे, सीमारेषेजवळच्यांनाच हवे. लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी तर त्याहून स्वस्त. आणि अहवालावर सूत्राचे नाव, ते कोणत्या लोकांवर पारखले गेले एवढी एक ओळ छापायला तर शाईपलीकडे काहीच खर्च नाही.