धम्म घेतला, पण रुग्णाचा पेला वेगळाच?

वस्तीत कुणाचे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं की निदान दवाखान्याच्या आधी चौकात होतं : पीत असणार! दारूनं यकृत जातं, हे खरंच. पण हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणूही वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरतात. पुढे सिरॉसिस होतो, कॅन्सरही होतो. कधी थेंबही न घेतलेली बाई ‘लोक काय म्हणतील’ म्हणून तपासणीच टाळते, वैदूकडून काविळीची माळ बांधून घेते.

हे दोन विषाणू रक्तातून, वापरलेल्या सुईतून, असुरक्षित संबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला जातात. एका ताटात जेवल्यानं, एका पेल्यातून पाणी प्यायल्यानं नाही. (दूषित पाण्यानं होणारी कावीळ वेगळी, ती ए आणि ई विषाणूंची.) तरीही बी पॉझिटिव्ह सुनेचं ताट, पेला, अंथरूण वेगळं काढलेली आपलीच घरं आम्ही पाहिली आहेत. भिंतीवर चवदार तळ्याचं चित्र, आणि मोरीजवळ तिचा एकटीचा पेला! २० मार्च १९२७ ला महाडला आपण कशासाठी गेलो होतो?

आणि समजा, तो खरंच पीत होता. मग? काही धम्मबांधव बावीस प्रतिज्ञांकडे बोट दाखवतात. त्याच प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याचीही प्रतिज्ञा आहे, ती कुणासाठी? अतिसारानं स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतलं. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. प्रतिज्ञा माणसाला सावरण्यासाठी आहे, आजारी पडल्यावर त्याला हाणायला नाही.

सुया कुणाला टोचतात तेही बघा. दवाखान्याचा कचरा उचलणाऱ्याला, कचरा वेचणाऱ्या बाईला. हिपॅटायटिस बीची लस आहे, सहा महिन्यांत तीन डोस. बाळांना ती देशभर मिळू लागली २०११-१२ च्या सुमारास. म्हणजे आज झाडू हातात असलेल्या पिढीतले बहुतेक सुटलेच. ठेकेदाराच्या करारात हातमोजे असतात (कागदावर), लस नसते. कामगार संघटनांनी ही मागणी पगाराइतकीच लावून धरावी.

२८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी व औषधं मोफत आहेत. सी तर बहुतेकांचा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बीची औषधं मात्र अनेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. अडतं ते सोबतीवर. नवऱ्याला घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईची रोजी बुडते, तिसऱ्या खेपेला ती येतच नाही. विहारात रविवारच्या वंदनेनंतर अशा घरांची नोंद घ्या, नावं बाहेर जाऊ देऊ नका. सोमवारी दोन पोरं त्यांच्यासोबत जिल्हा रुग्णालयात जाऊ द्या. तिच्या त्या दिवसाच्या रोजीचं काय करायचं, हे यंदाची जयंतीची वर्गणी ठरवतानाच ठरवा.