अंगठा की मनगट?

घरात व्हिडिओ गेमचे यंत्र आले की पहिले काही दिवस मोटारींच्या शर्यती आणि क्रिकेट यांत मजेत जातात. मग एके दिवशी लढतीचा खेळ येतो आणि मुले हरू लागली की पहिला दोष हातातल्या पॅडवर येतो. ‘या पॅडवर तो डाव पडतच नाही, मला आर्केड स्टिक हवी!’ आई-बाबा किंमत विचारतात आणि गप्प होतात. चांगल्या स्टिकची किंमत खुद्द खेळाच्या दुप्पट-तिप्पट सहज होते. नाचता येईना अंगण वाकडे, असे म्हणून विषय मिटवण्याचा मोह अशा वेळी कुणालाही होईल. पण जरा थांबा! कधीकधी अंगण खरोखरच थोडे वाकडे असते. ते कुठे वाकडे आणि कुठे सरळ, हे समजून घेतले तर पैसेही वाचतील आणि घरातला वादही.

एक डाव, तीन दिशा

लढतीच्या खेळात दिशेला एवढे महत्त्व का, हे आधी पाहू. कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर टू’ हा खेळ १९९१ साली आला आणि या प्रकारच्या खेळांची घडीच त्याने बसवून दिली. दोन लढवय्ये समोरासमोर, तीन बटणे बुक्क्यांची, तीन लाथांची. साधा बुक्का एका बटणाने बसतो. पण रियू या लढवय्याचा प्रसिद्ध ‘हादोकेन’, म्हणजे हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा, हवा असेल तर आधी खाली, मग खाली-पुढे तिरके, मग पुढे अशी दिशा फिरवून लगेच बुक्क्याचे बटण दाबावे लागते. घड्याळाच्या सहापासून तीनपर्यंत काटा उलटा फिरवावा तसे! मधली तिरकी दिशा निसटली, तर गोळ्याऐवजी नुसता बुक्का निघतो आणि तोवर समोरच्याची लाथ बसलेली असते.

गाइल या लढवय्याची तऱ्हा वेगळी. त्याच्यासाठी मागची दिशा थोडा वेळ धरून ठेवायची आणि एकदम पुढे जाऊन बटण दाबायचे. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे सरकत असतात आणि यंत्र त्या प्रत्येक चित्रागणिक तुमचा हात कुठे आहे ते तपासत असते. त्यामुळे ‘मी बरोबरच दाबले होते’ ही तक्रार यंत्रापुढे चालत नाही.

अंगठ्याखालची फुली

पॅडवर डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखी जी कळ असते, तिला डी-पॅड म्हणतात. निन्टेंडो कंपनीच्या गुनपेई योकोई यांनी ती १९८२ मध्ये ‘डाँकी काँग’ या हातात मावणाऱ्या छोट्या खेळासाठी योजली. खिशात ठेवायच्या खेळाला दांडा लावला तर तो मोडणार, म्हणून ही सपाट युक्ती! पुढच्याच वर्षी ती निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर आली आणि मग जगभर पसरली. आपल्याकडे ‘लिटल मास्टर’सारख्या टीव्ही गेमवर ‘कॅसेट’ बदलून खेळलेल्या पिढीचा अंगठा याच फुलीवर तयार झाला.

तिची रचना टीव्हीच्या रिमोटची आठवण करून देणारी आहे. फुलीच्या खाली रबराच्या चार टोप्या असतात. टोपी दबली की तिच्या आतला काळा, वीजवाहक ठिपका खालच्या पट्टीला टेकतो. तिरकी दिशा हवी तर शेजारच्या दोन टोप्या एकाच वेळी दबायला हव्यात. अंगठा नुसता इकडून तिकडे कलवायचा असल्याने मागे-पुढे चटकन झेप घ्यायला डी-पॅड उत्तम. पण तिरकी दिशा सापडणे हे फुलीच्या घडणीवर बरेच अवलंबून असते आणि तासन्‌तास घासून अंगठ्याला फोडही येतात.

इथे एक घोटाळा टाळावा. आजच्या पॅडवर डी-पॅडशेजारी अळंबीसारखी छोटी दांडीही असते. ती आर्केड स्टिक नव्हे! ती मैदानात धावणाऱ्या पात्राला हळू-जलद, वाटेल त्या कोनात वळवण्यासाठी आहे. लढतीच्या खेळाला मात्र आठच ठाम दिशा लागतात. या दांडीवर कुठली दिशा कुठे संपली हे बोटाला कळत नाही. अनेकदा ‘पॅड वाईट’ या तक्रारीमागे मूल या छोट्या दांडीने खेळत असते, एवढेच कारण असते. अंगठा शेजारच्या फुलीवर ठेवला तर एक पैसाही न खर्चता सुधारणा दिसू शकते.

मनगटाचा दांडा

आर्केड स्टिक म्हणजे पार्लरमधल्या यंत्राचा वरचा भाग कापून घरी आणावा तशी पेटी. डावीकडे दांडा, उजवीकडे ठसठशीत बटणे. दांड्याखाली चार सूक्ष्म स्विच असतात. दांडा ज्या बाजूला झुकेल तिकडचा स्विच ‘टिक’ करतो, तिरका झुकला तर दोन एकदम. हात सोडला की स्प्रिंग त्याला मधोमध आणते.

दांड्याच्या हालचालीला मर्यादा घालणारी एक पट्टी खाली बसवलेली असते. जपानी दांड्यांत ती बहुधा चौकोनी असते. चौकोनाचे चार कोपरे म्हणजे चार तिरक्या दिशा, त्यामुळे हाताला कोपरा लागला की दिशा मिळाल्याची खात्री. काहींना अष्टकोनी पट्टी आवडते. कोरियात गोल पट्टीचा, स्प्रिंगऐवजी रबराने मागे येणारा दांडा रुळला आहे आणि ‘टेकन’ खेळणाऱ्यांत त्याचे चाहते पुष्कळ आहेत. म्हणजे ‘स्टिक हवी’ एवढे म्हणून भागत नाही, कोणती हा प्रश्न उरतोच!

स्टिकमध्ये काम मनगट आणि बोटे वाटून घेतात, एकट्या अंगठ्यावर भार पडत नाही. मात्र दांड्याला मध्यातून कडेपर्यंत जाऊन परत यावे लागते, म्हणून चटकन मागे-पुढे करणे नवख्याला पॅडपेक्षा जड जाते. शिवाय पेटी मांडीवर किंवा टेबलावर स्थिर ठेवायला जागा हवी. आणि रात्री अकरा वाजता दोन खोल्यांच्या घरात ती टिकटिक शेजारच्या खोलीतल्या आजोबांपर्यंत पोहोचणारच.

उजवा हात विसरू नका

या वादात सगळे डाव्या हाताबद्दल बोलतात. खरा फरक पुष्कळदा उजव्या हाताचा असतो. साध्या पॅडवर समोर चार बटणे असतात आणि ती सारी बहुतेक जण एकाच अंगठ्याने दाबतात. उरलेल्या दोन बटणांसाठी पॅडच्या खांद्यावर तर्जनी न्यावी लागते. स्टिकवर प्रत्येक बोटाला आपापले बटण मिळते, पेटीवर सूर धरावेत तसे. दोन-तीन बटणे एकदम किंवा पाठोपाठ दाबायची असतील तर तिथे स्टिक सरस. सेगा कंपनीने १९९३ मध्ये आपल्या घरगुती यंत्रासाठी सहा बटणांचा पॅड काढला, तो याच अडचणीवरचा उपाय होता. असे सहा बटणांचे पॅड आजही मिळतात, आणि स्टिकपेक्षा बरेच स्वस्त पडतात.

विजेते काय वापरतात?

मुले नेहमी विजेत्यांचा दाखला देतात, तेव्हा तोही पाहू. २००४ साली अमेरिकेतल्या ‘इव्हो’ स्पर्धेत जपानच्या दाइगो उमेहाराने जस्टिन वाँगच्या लाथांचा पंधरा आघातांचा हल्ला एकेक करून अडवला आणि हातातून गेलेला डाव जिंकला. शरीरात ताकद जवळजवळ शून्य उरली होती, एक लाथ चुकवता आली नसती तर खेळ खलास! दाइगो तेव्हा दांड्यावर खेळत होता. हा प्रसंग पाहिलेल्या कित्येकांना स्टिकचे वेड लागले.

पण पुढची गोष्टही ऐका. त्याच स्पर्धेत २०१४ मध्ये ‘लुफी’ या टोपणनावाच्या फ्रेंच खेळाडूने ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर फोर’चे विजेतेपद मिळवले, तेही पहिल्यावहिल्या प्लेस्टेशनच्या जुन्या पॅडवर! आणि खुद्द दाइगोने २०१९ मध्ये दांडा बाजूला ठेवून नुसत्या बटणांची पेटी हाती घेतली. कॅपकॉमच्या स्पर्धांत ती पेटी त्या रूपात नियमाबाहेर ठरली, तरी दांड्याविना, चारही दिशांना बटणे असलेल्या पेट्या आता स्पर्धांत सर्रास दिसतात. विजेत्यांच्या हाताकडे पाहून एकच गोष्ट ठरते: प्रत्येकाने एक साधन निवडले आणि त्याच्यावर वर्षे घालवली.

आणि हा केवळ पोरखेळ राहिलेला नाही. २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊ इथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर फाइव्ह’ला पदके होती. भारताचे खेळाडूही उतरले होते. सुवर्णपदक मिळवले दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी, वयाच्या ४४व्या वर्षी!

खरेदीपूर्वी दहा वेळा

मग घरी निर्णय कसा घ्यावा? बहुतेक नव्या खेळांत सरावाची खोली असते आणि तिथे हाताने दाबलेल्या दिशा पडद्याच्या कडेला उमटतात. मुलाला दहा हादोकेन डावीकडे उभे राहून आणि दहा उजवीकडे उभे राहून टाकायला सांगावे. किती निघाले ते कागदावर लिहावे. बाजू बदलली की अंगठ्याची चालही उलटते, त्यामुळे दोन्ही आकडे हवेत. रोज थोडा सराव करून दोन आठवड्यांनी पुन्हा मोजावे.

दहापैकी आठ-नऊ निघू लागले तर साधनात दोष नव्हता. आकडा हललाच नाही, तर उमटलेल्या दिशा पाहाव्यात. तिरकी दिशा सारखी गळत असेल किंवा नको असताना वरची दिशा लागून लढवय्या उडी मारत असेल, तर फुली त्या अंगठ्याला मानवत नाही, हे खरे. आधी कुणाची तरी स्टिक चार दिवस मागून आणावी. नव्या साधनावर पहिले काही दिवस खेळ बिघडतोच, त्यावरून निकाल देऊ नये. ज्या बाबांनी नव्वदच्या दशकात पार्लरमध्ये टोकन टाकून दांडा फिरवला आहे, त्यांना स्टिक लगेच जमेल आणि मुलाला जमणार नाही, असेही घडेल. हात आधी जे शिकला ते त्याला सोपे वाटते.

विकत घ्यायचीच ठरली तर आपल्या यंत्रावर ती चालते का हे दुकानदाराकडून लिहून घ्यावे. एका यंत्राची स्टिक दुसऱ्यावर चालेलच असे नाही. दांडा आणि बटणे सुटी बदलता येतात का, तेही विचारावे. आणि २०२३च्या ‘स्ट्रीट फायटर सिक्स’मध्ये सोपी नियंत्रणपद्धतही आहे. तिच्यात एक दिशा आणि एक बटण एवढ्यावर खास डाव पडतो. नुसत्या करमणुकीसाठी खेळणाऱ्याला तेवढे पुरे.

एका बाबतीत मात्र वाट पाहू नये. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात कळ येत असेल, तर खेळ थांबवून हाताला विश्रांती द्यावी. दुखणे राहिलेच तर डॉक्टरांना दाखवावे. साधन बदलणे हा त्यावर औषधोपचार नव्हे. हारलेला डाव उद्या जिंकता येतो. हात मात्र शाळेच्या वहीसाठीही लागतो, आणि तो जोडीनेच मिळालेला आहे.