दलालाची सुट्टी

गेल्या पितृपंधरवड्यात आमच्या एजंटने व्हॉट्सॲपच्या स्टेटसला एक फोटो टाकला. कुंझुम खिंडीतल्या रंगीत पताका, मागे बर्फाची शिखरं, पुढे धुळीने माखलेली बुलेट आणि तिला टेकून उभा असलेला तो. ऑफिसात जेवणाच्या वेळी मी तो फोटो सगळ्यांना दाखवला, कारण टेबलावरच्या सहा जणांपैकी चौघांना घर त्यानेच मिळवून दिलं होतं. एकाने फोन हातात घेतला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "आपल्याच ब्रोकरेजवर मजा चाललीय लेकाची." सगळे हसले. मीही हसलो. हा लेख त्या हसण्याविरुद्ध आहे, त्यामुळे तो माझ्याविरुद्धही आहे.

त्या एका वाक्यात आम्हा आयटीवाल्यांची एजंटबद्दलची सगळी समजूत आली. हा माणूस काम करत नाही, त्याच्याकडचे पैसे खरं तर आपले आहेत, आणि त्या पैशांवर त्याने स्पितीला जाणं हा आगाऊपणा आहे. यातली एकही गोष्ट तपासून बघायची तसदी आम्ही कधी घेतलेली नाही.

कामापासून सुरुवात करू. "नुसतं दार उघडायचे चोवीस हजार?" हा प्रश्न पुण्यात भाड्याने राहिलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी विचारलेला असतो. सहा वर्षांत मी चार घरांत राहिलो: बालेवाडी, पिंपळे सौदागर आणि दोनदा वाकड. शेवटच्या दोन खेपांना हाच एजंट होता. एका शनिवारी त्याने मला सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत नऊ फ्लॅट दाखवले. गाडीच्या डिकीत किल्ल्यांचा डबा, प्रत्येक किल्लीला चिकटपट्टी, तिच्यावर विंग आणि फ्लॅट नंबर. प्रत्येक गेटवर वही, नाव, सही, वॉचमनशी दोन शब्द. एक मालक दुबईला, दुसरा न्यू जर्सीला, म्हणजे त्याच्याशी बोलणं रात्री अकरानंतर. सातव्या फ्लॅटला मी हो म्हणायच्या बेतात होतो, तेव्हा तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, हा नका घेऊ. एप्रिल-मेमध्ये इथं सगळं टँकरवर असतं. आणि टँकरच्या पैशांवरून रोज भांडणं." मी तो फ्लॅट घेतला असता तर त्याला त्याच संध्याकाळी पैसे मिळाले असते. ही माहिती कुठल्याही ॲपवर नव्हती.

त्या दिवशी मी नऊपैकी एकही घर घेतलं नाही. त्याला त्या नऊ तासांचे शून्य रुपये मिळाले. आमच्याकडे प्रोजेक्ट नसलेला माणूस 'बेंचवर' असतो आणि बेंचवर बसल्याचाही पगार मिळतो, निदान काही महिने. एजंटला बेंच नसतो. घर बघून 'कळवतो' म्हणणारी आणि कधीच न कळवणारी जी पार्टी असते, तिचं पेट्रोल आणि तिच्यापायी गेलेला शनिवार माझ्या चोवीस हजारांतून भरून निघतो. कधी ती पार्टी मी असतो आणि माझा खर्च दुसऱ्या कोणाच्या ब्रोकरेजमधून निघतो.

आता 'आपले पैसे'. मधल्या माणसाने स्वतः काही न बनवता पैसे घ्यावेत, याचा आम्हाला राग येतो. पण मी ज्या धंद्यात आहे तिकडे बघा. माझा एक तास परदेशातल्या क्लायंटला एका दराने विकला जातो आणि मला त्याचे पैसे दुसऱ्या दराने मिळतात. मधला फरक ज्यांच्याकडे राहतो त्यांना आम्ही 'सर्व्हिस पार्टनर' म्हणतो आणि गावाहून आलेल्या नातेवाइकांना हिंजवडीतल्या त्यांच्या इमारती अभिमानाने दाखवतो. हेच काम कोणी कमरेला पाऊच बांधून, बुलेटवरून करत असेल तर ती दलाली. ब्रोकर नको म्हणून निघालेली ॲप्ससुद्धा मालकाचा नंबर दाखवायचे पैसे घेतात. मी पैसे भरून मिळवलेल्या पहिल्या पाच नंबरांपैकी तीन नंबरांवर एजंटच बोलले.

चिडायचंच असेल तर त्या अकरा महिन्यांवर चिडावं, पण तेही मूळ समजून घेऊन. दर अकरा महिन्यांनी नवा करार, पुन्हा खर्च, ही एजंटांची युक्ती आहे असं आम्ही धरून चालतो. प्रत्यक्षात १९०८ च्या नोंदणी कायद्याने वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली आणि ती टाळायला अकरा महिन्यांचा रिवाज पडला. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं की मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे अकरा महिन्यांचं मूळ कारण आपल्या राज्यात उरलेलं नाही. उरली आहे ती भाडेकरू घर बळकावेल ही मालकाची भीती. मालक राहतो दुबईला, करार भरतो एजंट, थंबचं मशीन घेऊन घरी येतो तो एजंटचा माणूस, आणि शिव्याही एजंटलाच.

त्याचं सगळ्यात मोठं काम मात्र मी अजून सांगितलेलं नाही, कारण ते सांगायचं तर माझीच गोष्ट सांगावी लागते.

तीन वर्षांपूर्वी मी आणि माझा कॉलेजचा मित्र मिळून टू बीएचके शोधत होतो. मित्र मुसलमान आहे. वाकडचा एक फ्लॅट आम्हा दोघांनाही आवडला. एजंटने तिथूनच मालकाला फोन लावला. पलीकडून प्रश्न आले, फॅमिली की बॅचलर, व्हेज की नॉनव्हेज, कुठल्या कंपनीत, आणि मग, नावं काय? माझं नाव सांगून झालं, मित्राचं सांगितलं, आणि एजंट फोन कानाला लावून बाल्कनीत गेला. परत आला तेव्हा त्याने मित्राकडे पाहिलं नाही. "सर, मालकांचं जरा... दुसरं बघू आपण." त्या महिन्यात हे 'जरा' आम्ही पाच वेळा ऐकलं. मग एका रात्री एजंटचा मला एकट्याला फोन आला. वाकडचा तो फ्लॅट अजून रिकामा होता, मी ऑफिसातला दुसरा कोणी पार्टनर आणला तर मालक तयार होते. मी रात्रभर विचार केला असं मला म्हणायला आवडेल. मी अर्ध्या तासात हो म्हटलं आणि त्या आठवड्यात थंब दिला. मित्राने कोंढव्यात घर घेतलं. तिथून हिंजवडीला जाऊन येण्यात त्याचे रोज तीन तास जातात.

पुढे दोन वर्षं मी ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर सांगत असे, पण अर्धीच. "पुण्यातले एजंट कसे असतात बघा," इथे ती संपायची. नाव मालकाने विचारलं होतं, घर मी घेतलं होतं, आणि गोष्टीतला खलनायक मात्र बाल्कनीत फोन धरून उभा राहिलेला माणूस.

आपण त्याला पैसे देतो ते यासाठी. 'तुमच्या धर्माच्या माणसाला देत नाही', 'या आडनावाला देत नाही', 'एकटी बाई नको' हे मालकाला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागू नये, आणि आम्हाला ते समोरासमोर ऐकावं लागू नये. मालकाचा सभ्यपणा शाबूत, सोसायटीच्या कमिटीचा शाबूत, माझाही शाबूत. कायदाही या जागी फारसा मदतीला येत नाही. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं आहेत; भाड्याच्या घराचं नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण सोसायटीचा, सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपनियम वैध ठरवला. २०१६ च्या रेरा कायद्याने खरेदी-विक्रीतल्या एजंटांना नोंदणी लावली, २०२३ मध्ये महारेराने त्यांना परीक्षाही सक्तीची केली. भाड्याची घरं दाखवणारा एजंट या कशातच बसत नाही. त्याच्या कामाला नियम नाही, ठरलेला दर नाही, पावती नाही. जे काम कागदावर कोणालाच नको असतं ते अशाच माणसाकडे जातं.

तो संत आहे असं मी म्हणत नाही. त्याने मला दोन वर्षांपूर्वीचे, रंग ताजा असतानाचे फोटो पाठवले आहेत. "दुसरी पार्टी टोकन द्यायला निघालीय," असं सांगून घाईघाईत हो म्हणायला लावलं आहे. आणि त्या रात्रीचा फोनही त्यानेच केला होता. मित्राला वगळायचं आहे हे माहीत असून त्याने तो केला, त्याचे पैसे घेतले. त्याचा वाटा आहेच. पण तो सगळ्यांत लहान वाटा आहे, आणि शिव्यांची वाटणी मात्र नेमकी उलटी होते.

आता स्पिती. आमची सुट्टी शनिवार-रविवारी, म्हणून शनिवार-रविवार त्याचे कामाचे. आम्ही ऑफिसातून सुटतो तेव्हा त्याचे फोन सुरू होतात. मे-जूनमध्ये शाळांमुळे आणि नव्या जॉइनिंगमुळे त्याला जेवायला फुरसत नसते. त्याचं वर्ष कॅलेंडरवर चालत नाही, पंचांगावर चालतं. पितृपंधरवड्यात कोणी टोकन देत नाही, घर बघायलाही फारसं कोणी येत नाही. घटस्थापनेपासून फोन वाजू लागतात आणि दसऱ्याला किल्ल्या हातात हव्या असतात. त्यामुळे सर्वपित्री अमावास्येपर्यंतचे पंधरा दिवस ही त्याची वर्षाची एकुलती एक सुट्टी. तेव्हा उत्तरेतला पाऊस ओसरत आलेला असतो आणि कुंझुम अजून बर्फाने बंद झालेली नसते. बुलेट तो रेल्वेच्या पार्सलने निजामुद्दीनला पाठवतो. त्यासाठी टाकीतलं पेट्रोल काढून द्यावं लागतं. पुढे मनाली, अटल बोगदा, ग्राम्फूपासून तो दगडधोंड्यांचा रस्ता, बाताल, साडेचार हजार मीटरवरची कुंझुम, लोसर, काझा. हे सगळं त्याने मला करार भरताना सांगितलं, सर्व्हर डाउन होता म्हणून आम्ही तासभर बसून होतो तेव्हा.

"एवढं काय आहे तिथं?" मी विचारलं.

"सर, तिथं मी पार्टी असतो," तो म्हणाला. काझाला त्याच्या ओळखीचा एक एजंट आहे, तो गावोगावच्या होमस्टेची सोय करून देतो. आमचा एजंट त्याला कमिशन देतो आणि घासाघीस करत नाही. "घरातली बाई चहा देते, आधार कार्ड बघते, खोली दाखवते. आवडली तर राहायचं. आणि वाटेत फोनला रेंज नसते."

यात न समजण्यासारखं काय आहे? आम्ही व्हिएतनामला जातो तेव्हा तो बर्नआउटवरचा उपाय असतो, स्वतःला वेळ देणं असतं. परत आल्यावर टेबलावर कोणी म्हणत नाही की क्लायंटच्या पैशांवर मजा केलीस. एजंटने मात्र उन्हातान्हात 'सर, सर' करत जिने चढावेत, घामाघूम व्हावं, म्हणजे मग त्याचे पैसे आम्हाला थोडे तरी पटतात. कष्ट करताना दिसणारा दलाल चालतो. खिंडीत उभा राहून हसणारा चालत नाही. त्या फोटोत आम्हाला टोचलं ते हे, की आमच्या सोयीसाठी ठेवलेल्या माणसालाही आमच्यासारखाच कंटाळा येतो आणि त्यालाही दूर कुठेतरी जावंसं वाटतं.

मग करायचं काय? भाड्याच्या एजंटांचीही नोंदणी हवी. ब्रोकरेज आधी लेखी ठरावं आणि त्याची पावती मिळावी. घर दाखवायला नेण्याची छोटीशी फी असावी, व्यवहार झाला तर ती ब्रोकरेजमधून वजा व्हावी. उगाच नऊ फ्लॅट बघणाऱ्या माझ्यासारख्यांनाही जरा शिस्त लागेल. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मालकाने आणि सोसायटीने आपल्या अटी सहीनिशी लिहून द्याव्यात. 'व्हेज ओन्ली' लिहिताना कोणाचा हात थांबत नाही. त्याच्या पुढची ओळ लिहिताना किती जणांचा थांबतो ते बघू. जे लिहायची लाज वाटते ते तोंडी सांगायला माणूस ठेवणं बंद झालं पाहिजे.

हे सगळं होईपर्यंत माझ्या हातात जेवढं आहे तेवढं सांगतो. माझा करार या मार्चमध्ये संपतोय. मित्राचाही संपतोय. गेल्या आठवड्यात त्याला फोन करून वाकडची गोष्ट मी पहिल्यांदा पूर्ण सांगितली, रात्रीच्या त्या फोनसकट. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला माहीत होतं रे." एकत्र घर बघायला तो अजून तयार झालेला नाही, आणि तयार होईलच असं नाही. झाला तर एजंटला मी पहिल्याच फोनवर दोन्ही नावं सांगणार आहे, मालकांना आधी विचारा आणि मगच घर दाखवा म्हणून. बघायला घरं कमी मिळतील. तो नकार द्यायला बाल्कनीत निघाला, तर फोन मी मागून घेणार आहे आणि मालकाला कारण विचारणार आहे. ब्रोकरेज मात्र पूर्ण महिन्याचं देणार, आणि पितृपंधरवड्यात त्याला फोन करणार नाही.