पहिल्या नोकरीचा खर्च कोणी सोसायचा?

शिरूर तालुक्यातील इनामगावचे नाव विद्वानांच्या जगात पोहोचले ते डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे केलेल्या उत्खननामुळे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून जवळजवळ नऊशे वर्षे घोडनदीच्या काठी नांदलेल्या त्या वसाहतीत सामुदायिक धान्याचे कोठार होते, पाण्याचा पाट होता, आणि कुंभार, सोनार अशा कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम अंगाला होती. कुंभाराचा मुलगा बापाच्या भट्टीपाशी कसब शिकत असणार आणि त्या काळात त्याचे पोट वस्तीच्या धान्यावरच भरत असणार. (हा तर्क आमचा आहे, पुरातत्त्वज्ञांचा नव्हे.) आज त्याच परिसरातील शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी संगणकाचे कसब शिकून हिंजवडीच्या दारात उभी राहते, तेव्हा शिकण्याच्या आणि थांबण्याच्या काळातील तिचा भार कोण वाहतो, हा प्रश्न आपण विचारावयास हवा.

उत्तर सरळ आहे : तो भार तिचा बाप वाहतो. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि तंत्रशिक्षणाचा खर्च समाजाकडून कुटुंबाकडे सरकला. उसाच्या बिलावर चार वर्षांचे शुल्क भरायचे. पदवी हाती आली की पुण्यात खोलीचे भाडे, खाणावळ आणि पुन्हा एखाद्या खाजगी क्लासची फी. कारण पदवीधर कामाच्या लायकीचे नसतात, असे कंपन्याच सांगतात. नवशिक्याला कामाचे शिक्षण देणे हा एकेकाळी मालकाचा खर्च होता. आता नवशिक्यानेच अनुभव घेऊन यावे अशी अपेक्षा असते. या अपेक्षेतून खोट्या अनुभवपत्रांचा आणि ‘मागच्या दाराने लावून देतो’ म्हणणाऱ्या दलालांचा धंदा उभा राहिला, यात नवल ते काय?

भरतीच्या अटी पाहा. दहावी, बारावी आणि पदवी, तिन्ही ठिकाणी साठ टक्के गुण हवेत. शिक्षणात दोन वर्षांहून अधिक खंड नको. अनेक मोठ्या कंपन्यांच्या भरतीत अशी अट असत आली आहे. वरवर ती निःपक्षपाती वाटते. परंतु विहीर आटली म्हणून, घरातला कर्ता माणूस आजारी पडला म्हणून ज्याने पुस्तके बाजूला ठेवून औत धरले, त्याचा अर्ज कोणी माणूस वाचतच नाही. यंत्र तो परस्पर बाजूला काढते. त्याला आज्ञावली लिहिता येते की नाही, हे पाहण्याची वेळच येत नाही. दहावीला अठ्ठावन्न टक्के पडले, हा काय जन्मभराचा गुन्हा आहे?

आणि निवड झाली तरी सुटका कोठे आहे? इन्फोसिस ही कंपनी १९८१ साली पुण्यातच स्थापन झाली. २०२२ मध्ये पदवी घेतलेल्या ज्या मुलांना तिने नोकरी देऊ केली होती, त्यांतील अनेकांना प्रत्यक्ष रुजू होण्यासाठी २०२४ च्या अखेरीपर्यंत वाट पाहावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांतील तीनशेहून अधिक जणांना म्हैसूरच्या प्रशिक्षणकेंद्रातून, तीन संधींत परीक्षा उत्तीर्ण झाले नाहीत म्हणून, काढण्यात आले. पुण्याच्या ‘नाइट्स’ या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. कर्नाटकच्या कामगार खात्याला मात्र कायदेभंग आढळला नाही. कारण ही मुले नियमित कर्मचारी नव्हती, प्रशिक्षणार्थी होती. दोन वर्षे वाट पाहणाऱ्या मुलाला या काळात कोणाच्या घरचे अन्न मिळाले, ते खात्याच्या कक्षेत येत नाही.

सुरुवातीचा पगार वर्षाला तीन ते साडेतीन लाखांच्या आसपास दहा वर्षांहून अधिक काळ घुटमळत राहिला आहे. पुण्यातील खोलीचे भाडे तसे घुटमळलेले नाही. त्यात जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. चाचणी घेणे, जुनी आज्ञावली दुरुस्त करणे ही नवशिक्याच्या हाती पडणारी कामे आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे जाऊ लागली आहेत. यंत्राशी आपले भांडण नाही. त्याने वाचवलेला पैसा कोणाच्या खिशात जातो, याच्याशी आहे.

राज्य सरकारने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली आणि पदवीधराला दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन देऊ केले. तरुणाला मदत झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पैसा गेला सरकारी तिजोरीतून, आणि नोकरीची हमी कोणीच दिली नाही. बापाच्या खांद्यावरचा भार जनतेच्या खांद्यावर आला. मालकाचा खांदा मोकळाच राहिला.

नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी नियुक्तिपत्र सक्तीचे केले, हे ठीकच. परंतु नोकरी देऊ केल्याचे पत्र आणि नियुक्तिपत्र यांच्यामधल्या काळाला वाली नाही. त्या पत्रात रुजू होण्याची तारीख हवी, ती टळली तर भरपाई हवी, आणि प्रशिक्षणाचा काळ सेवेत धरला गेला पाहिजे, ही मागणी आपण विधिमंडळात आणि रस्त्यावर लावून धरली पाहिजे.

‘संगणकवाले स्वतःला कामगार मानत नाहीत’ ही आपल्या कार्यकर्त्यांची नेहमीची सबब. चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०१६ साली टीसीएसच्या एका अभियंत्याला कामगार मानून कामावर परत घेण्याचा आदेश दिला होता. न्यायालयाला जे मान्य झाले, ते आपल्याला का होऊ नये? शिरूर आणि दौंडच्या साथींनी पदवीचे निकाल लागण्याच्या सुमारास आठवड्यातून एक संध्याकाळ या मुलांसाठी राखून ठेवावी. सेवाकराराचे इंग्रजी कागद सहीपूर्वी त्यांच्याबरोबर बसून मराठीत वाचावेत, मूळ प्रमाणपत्रे कोणी अडकवून ठेवत असेल तर तक्रार लिहून द्यावी, आणि कोणाला किती महिने ताटकळत ठेवले याची गावागावांतून नोंद करावी. कामगार आयुक्तांपुढे जाताना ती वही हाती असली पाहिजे.