शिसवीचा भाव, हाताचा भाव

इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग वाद्यांच्या बाजारपेठेत अधिक गाजायला हवा होता. रॉजर बकनॉल या, स्वतःची छोटी कार्यशाळा चालवणाऱ्या इंग्रज कारागिराकडून त्यांनी सहा गिटारी करून घेतल्या. आराखडा एकच, वरची फळी एकाच जातीच्या लाकडाची. फरक एवढाच की पाठ आणि बाजू सहा निरनिराळ्या लाकडांच्या. ब्राझीलचा रोजवूड, भारतातला रोजवूड म्हणजे आपला शिसव, महोगनी, मॅपल, सापेली आणि अक्रोड. बावन्न वादकांनी डोळ्यांवर वेल्डरचा काळा चष्मा चढवून, अंधुक उजेडात, या गिटारी वाजवल्या आणि प्रत्येकीला गुण दिले. त्या गुणांत दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. ज्या लाकडाच्या नुसत्या नावावर गिऱ्हाईक भरमसाट किंमत मोजतो ते लाकूड आणि अक्रोड यांना वादकाच्या कानाने जवळजवळ एकाच पायरीवर बसवले.

हे सत्य तसे जुनेच आहे. आधुनिक गिटारीचा घाट ज्याने निश्चित केला त्या स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेस याने १८६२ मध्ये एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या होत्या. वाद्याचा प्राण वरच्या फळीत असतो हे त्याला दाखवून द्यायचे होते. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. दीडशे वर्षांत बाजाराने तिच्यापासून काही शिकल्याचे दिसत नाही.

मग हाताने घडवलेल्या गिटारीला अधिक पैसे द्यायचे ते कशासाठी? याचे उत्तर त्या वरच्या फळीतच आहे. स्प्रूसची ही फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. एकाच झाडाच्या दोन फळ्यांचा ताठपणा सारखा नसतो. कारागीर ती हातात धरून वाकवतो, बोटाने ठोकून ऐकतो, रंध्याने थोडी उतरवतो, पुन्हा ऐकतो. आतून चिकटवायच्या आधारपट्ट्याही त्या त्या फळीच्या स्वभावाप्रमाणे तासतो. कारखान्याला हे परवडत नाही. त्याला शेकडो फळ्या एकाच मापाच्या करायच्या असतात, आणि विकलेली गिटार तारांच्या ताणाने फुगून परत येऊ नये याची हमीही द्यायची असते. त्यामुळे सर्वांत दुबळी फळी टिकेल एवढी जाडी तो सर्वच फळ्यांना ठेवतो. चांगल्या फळीचा आवाज अशा रीतीने दुबळ्या फळीच्या विम्यात खर्ची पडतो! कारखान्याची गिटार वाईट असते असे नव्हे. विद्यार्थ्याच्या हाती स्वस्तात नीट लागलेले वाद्य पोहोचले ते कारखान्यांमुळेच. परंतु स्वतंत्र कारागीर जी वस्तू विकतो ती त्याची एकेका फळीविषयीची पारख असते, आणि नेमकी तीच किंमतपत्रकात कुठे लिहिलेली नसते. तिथे लिहिलेले असते लाकडाचे नाव.

बोमॉल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये संगीत-नाट्यादी कलांच्या अर्थकारणाविषयी जे मांडले ते या धंद्यालाही लागू पडते. कारखान्यात दर माणशी उत्पादन वाढत जाते आणि त्याबरोबर मजुरी वाढते. पण चौघांनी वाजवायची रचना शंभर वर्षांनंतरही चौघांनाच आणि तेवढाच वेळ वाजवावी लागते. एकट्याने काम करणारा गिटार-कारागीर वर्षाकाठी दहा-बारा, फार तर वीस वाद्ये पुरी करतो. भाडे, वीज, मुलांचे शिक्षण हे मात्र बाहेरच्या जगाच्या वेगाने वाढते. त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात: भाव वाढवणे, अथवा स्वतःच्या वेळेचे पैसे न लावणे. पहिल्या मार्गासाठी त्याला सबब लागते आणि दुर्मिळ लाकूड ही सबब पुरवते. कारागिराचा यात दोष काढता येणार नाही. ‘माझ्या हाताचे इतके’ असे म्हटले तर जे गिऱ्हाईक घासाघीस करते तेच ‘रोजवूडचे इतके’ म्हटल्यावर निमूटपणे पैसे काढते.

या सबबीची किंमत जंगलांनी चुकवली. ब्राझीलने १९६० नंतरच्या दशकात रोजवूडच्या ओंडक्यांची निर्यात रोखली, तेव्हा अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १९६९ च्या सुमारास भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला आणि इतरही त्या वाटेने गेले. ब्राझीलच्या झाडाला १९९२ मध्ये साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत स्थान मिळाले. पुढे चीनमधील उंची फर्निचरच्या मागणीने जगभरच्या रोजवूडवर कुऱ्हाड कोसळू लागली. तेव्हा २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया ही संपूर्ण प्रजातीच परवान्याखाली आली. अपराध पलंग-कपाटांचा, पण दोन किलो वजनाची गिटार परदेशी विकणारा कारागीरही त्याच रांगेत उभा राहिला. तयार वाद्ये, त्यांचे सुटे भाग आणि साहित्य यांना सूट मिळाली ती २६ नोव्हेंबर २०१९ पासून, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांनी.

नियम सर्वांना सारखा असला म्हणजे त्याचा भार सारखा पडतो असे नाही. परवान्याचा अर्ज एका गिटारीसाठी करा की हजार गिटारींसाठी, त्यात जाणारे दिवस फारसे कमी-जास्त होत नाहीत. कारखान्यात त्यासाठी स्वतंत्र कारकून असतो. एकट्या कारागिराला तेवढे दिवस रंधा खाली ठेवावा लागतो. गिब्सन कंपनीचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. २०११ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी सरकारी अधिकाऱ्यांनी तिच्या कारखान्यांवर छापे घालून भारतातून आलेले लाकूड जप्त केले. भारतीय नियमांनुसार पातळ पापुद्रा निर्यात करता येतो, चिरलेले लाकूड नाही. मग फिंगरबोर्डची जाड पट्टी कशात मोडते, हा वाद होता. वर्षभराने मादागास्करच्या एबनीसंबंधीच्या जुन्या प्रकरणासह तडजोड झाली, कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरला, आणि भारतीय पट्ट्यांच्या वर्गीकरणाविषयी संदिग्धता आहे हे दोन्ही पक्षांनी मान्य केले. मोठ्या कंपनीला अशी संदिग्धता परवडते. वर्षाला बारा गिटारी करणाऱ्याला ती एका फटक्यात धंद्यातून उठवील.

या साऱ्या व्यवहारात भारताच्या वाट्याला काय येते? शिसव वाढायला पिढ्या लागतात आणि निसर्गसंवर्धनाच्या जागतिक सूचीत त्याची नोंद संकटाच्या उंबरठ्यावरील वृक्षांत झालेली आहे. सह्याद्री-निलगिरीच्या जंगलांत वाढलेल्या या झाडाच्या पातळ फळ्या परदेशी जातात आणि तिथे पारख, मजुरी व नाव मिळवून दसपटीने मोलाच्या होतात. झाड आपले, मोलाची भर दुसऱ्याची. हा हिशेब कापसाच्या आणि मँगनीजच्या संदर्भात महाराष्ट्रातील वाचकाला परिचित आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पनामा येथील परिषदेत भारताने शिसूच्या वस्तूंसाठी प्रत्येक नगामागे दहा किलोंच्या आतील सवलतीचा खुलासा करून घेतला. ते योग्यच झाले. पण तेथे डोळ्यांपुढे होते ते फर्निचर आणि हस्तकलेचे निर्यातदार. वाद्य घडवणारा एकटा माणूस कोणत्याही शिष्टमंडळात बसत नाही.

लाकडाच्या नावाचा आधार नसताना केवळ हाताच्या जोरावर वाद्य उभे राहते का, हे पाहायला स्पेनला जाण्याचे कारण नाही, मिरज पुरे. तंबोऱ्याचा भोपळा सोलापूर जिल्ह्यातल्या शेतांत वाढतो, कडू असतो, खाण्याच्या उपयोगाचा नसतो. त्याचे वाद्य होते ते तबली तासणाऱ्या आणि घोडीवर जवारी काढणाऱ्या बोटांमुळे. मूळची शिकलगार असलेली, शस्त्रांचा काळ सरल्यावर वाद्यांकडे वळलेली ही घराणी दीडशे वर्षांहून अधिक काळ हे काम करीत आली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावाची चोरी थांबवता येते. परंतु मोबाइलमधल्या फुकटच्या तंबोऱ्याशी झुंजणाऱ्या कारागिराच्या दिवसाची मजुरी त्याने ठरत नाही, आणि मुलगा बापाच्या शेजारी बसून जवारी शिकणार की नोकरी शोधणार याचा निर्णय तर त्या मजुरीवरच होतो. भोपळ्याला नावाची प्रतिष्ठा नाही म्हणून मिरजेचा कारागीर हाताचा भाव उघडपणे मागायला धजत नाही. गिटारवाला तो शिसवीच्या आड लपवून मागतो. दोघांची अडचण एकच आहे.

शिसवीचा महिमा ओसरला तर भारताचेच नुकसान, असा आक्षेप येईल. पण पर्यायी वस्तूने संगीत अडल्याचे उदाहरण सापडत नाही. गिटारीच्या तारा छेडण्याची नखी पूर्वी समुद्री कासवाच्या कवचाची करीत. त्या कवचाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला, सेल्युलॉइड आणि नायलॉनवर काम चालू राहिले, आणि आज कित्येक छोटे कारागीर हाडाच्या, शिंगाच्या, लाकडाच्या नख्या, केपो आणि चामडी पट्टे विकूनच दोन गिटारींमधले रिकामे महिने काढतात. साहित्याच्या या किरकोळ विक्रीला धंद्यात कमी लेखले जाते. वास्तविक घरभाडे तिच्यातून निघते.

भारतातही गिटारी बनतात. कोलकाता हे त्याचे जुने केंद्र. अलीकडे एकट्याने गिटार घडवणारे तरुणही दिसू लागले आहेत. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारीवर राग वाजवून दाखवल्यानंतर तिला परके म्हणण्यात अर्थ उरलेला नाही. या मंडळींना अनुदानापेक्षा एका साध्या गोष्टीची गरज अधिक आहे. वनखात्याच्या आगारांत लाकडाचे लिलाव ओंडक्यांच्या लॉटने होतात आणि तिथे बोली लावतात ते गिरणीवाले व निर्यातदार. गिटारीच्या पाठीला लागतात दोन पातळ फळ्या आणि बाजूंना दोन पट्ट्या. लिलावातील थोडा भाग चिरून, शिक्का आणि कायदेशीर उगमाचा दाखला जोडून, नोंदणीकृत वाद्य-कारागिरांना नगाने विकता येईल. मिरजेच्या तबलीलाही तोच दाखला चालेल. जंगलाची राखण जंगलातच व्हावी, कार्यशाळेच्या दारात नव्हे, एवढे वनखात्याने मान्य केले तर यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. लागेल ती एक करवत, एक शिक्का आणि आगारात बसणारा एक कारकून.